पथ्य मोडलेल्यांचा तक्ता

"पाच वेळा ओळीनं छापा पडला," चिटगुपकर सर म्हणाले. सहाव्यांदा उडवलेलं नाणं त्यांनी टेबलावर तळहाताखाली झाकून धरलं होतं. "आता काय असेल?"

"काटा," अर्धा वर्ग म्हणाला.

"का?"

"बारी आली की सर त्याची."

सरांनी हात उचलला. छापा. वर्ग हसला. सर हसले नाहीत.

"नाण्याला बारी कळत नाही. ती तुम्हाला कळते, म्हणून तुम्ही चुकता. घरात चार मुली झाल्या म्हणून पाचव्या खेपेला मुलग्याची बारी येते का? नाही. प्रत्येक खेपेला शक्यता तीच, साधारण निम्मी."

मी हात वर केला. बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला आम्ही तिघीच मुली होतो आणि तिघींतली एकही वर्गात कधी बोलत नसे. त्यामुळे सरांनी खडू खाली ठेवला.

"सर, पण औषध घेतलं तर?"

"कसलं औषध?"

"मुलगा होण्याचं. आमचे आप्पा देतात. मन्मथ स्वामी. बिदरपासून बायका येतात. सगळ्यांना मुलगेच होतात."

मागून कोणीतरी म्हणालं, "सर, माझी एक पुडी सांगून ठेवा, वैशाखात लग्न हाय." सगळा वर्ग बाकं बडवायला लागला. सरांनी तो आवाज थांबू दिला.

"सगळ्यांना?"

"होय सर. दर महिन्याला आमच्याकडे पेढे येतात."

"कोण आणतं?"

"ज्यांना मुलगा झाला ते."

"आणि ज्यांना मुलगी झाली ते काय आणतात?"

"काही नाही."

"येतात तरी का?"

"नाही सर."

"मग तुला दिसतं कोण, महानंदा?"

मी खाली बसले. मला कोणी बस म्हणालं नव्हतं.

*

आप्पांबद्दल सांगायला हवं. आम्ही जंगम. गावातल्या मठाची पूजा, लग्न, वास्तुशांत, मयत, सगळ्याला आप्पा. औषध त्यांना तरुणपणी एका गुरूनं दिलेलं. एक मुळी, खाली खोंड असलेल्या गाईच्या दुधात उगाळायची आणि पुष्य नक्षत्राला पहाटे, बाईला दुसरा महिना असताना, तिच्या उजव्या नाकपुडीत तीन थेंब सोडायचे. पैसे घ्यायचे नाहीत ही गुरूची आज्ञा. आप्पांनी कधी घेतले नाहीत. मुलगा झाला तर लोक पेढे आणि नारळ आणत. पेढे इतके होत की आई ते कुस्करून पोळीत भरायची. माझ्या डब्यातली पोळी कायम गोड असे.

थेंब टाकून झाले की आप्पा पथ्य सांगत. आंबट खायचं नाही. बियांचं फळ खायचं नाही. पडलेलं दावं ओलांडायचं नाही. दिवेलागणीनंतर केस विंचरायचे नाहीत. विधवेच्या हातचं पाणी घ्यायचं नाही. अजून बरंच होतं. पाठ असल्यासारखं ते एका दमात म्हणत, आणि बाई मान हलवत राही.

मग तुम्हाला एकच मुलगी कशी, असं लोक विचारत. आप्पा म्हणत, "घरच्या माणसाला लागू पडत नाही. तशी आणच आहे."

*

सरांनी मला प्रकल्प दिला. "पेढे न आणणाऱ्यांकडे जा," म्हणाले. "दिवाळीच्या सुटीत जा. आपल्याला काय सापडावं असं वाटतंय, ते विसरून जा."

औषध कोणी घेतलं हे शोधावं लागलं नाही. पहाटे मठाकडे कोण गेलं हे आडावर सगळ्यांना ठाऊक असतं. मी आमच्या गावात आणि चालत जाण्याजोग्या आजूबाजूच्या गावांत फिरले. सरांनी रकाने आखून दिले होते. औषध घेतलं का. काय झालं. शेवटचा रकाना शेऱ्याचा. त्यात जास्त लिहू नकोस, असं त्यांनी बजावलं होतं.

औषध घेतलं? होय.
काय झालं? मुलगी.
शेरा: "चिंच चाखली होती गं. नुसती जिभेला लावली. तुला आप्पानं पाठवलंय का?"

औषध घेतलं? होय.
काय झालं? मुलगी.
शेरा: "दावं ओलांडलं असंल. गोठ्यात दावं नसंल तर काय असंल? आप्पाला सांगू नकोस."

औषध घेतलं? (बाई आत गेली. बाहेर आली नाही. सासू म्हणाली, "तिला काय विचारतीस, मी सांगते. खादाड हाय.")

औषध घेतलं? होय.
काय झालं? मुलगी. त्याच्या पुढच्या खेपेला पण मुलगी.
शेरा: "दुसऱ्यांदा आलेच न्हाई तुमच्याकडं. कुठल्या तोंडानं येऊ? एवढं देवमाणूस, फुकट औषध देतं, आणि मला तोंड आवरंना."

मला मुलगेही सापडत होते. त्या घरी चहा मिळे, मुलगा उचलून माझ्या मांडीवर दिला जाई, त्यानं मांडी भिजवली की सगळे हसत. मुलगी झालेल्या घरी मला दारातच उभं राहावं लागे, आणि सांगता सांगता बाईचे डोळे भरून येत. त्या दारात मला पहिल्यांदा लाज वाटली. त्या बायका माझ्याकडे आप्पांकडे बघावं तशा बघत होत्या.

सुटी संपताना मी बेरीज केली. त्रेचाळीस बायका. बावीस मुलगे, एकवीस मुली.

*

"सुंदर," चिटगुपकर सर म्हणाले. त्यांना खरंच आनंद झाला होता. तक्ता हातात धरून ते खिडकीशी गेले. "आता औषध न घेतलेल्यांचं बघ. त्याच गल्ल्या, त्याच वयाच्या बायका."

"ते मी आणलंय सर. तिथंपण निम्मेच."

त्यांनी मान डोलावली. मग शेऱ्याच्या रकान्यावर बोट ठेवलं. "आणि हे सगळं काय? चिंच, दावं, कैरी?"

"पथ्य मोडलं म्हणून मुलगी झाली म्हणतात."

"हे कोणाला विचारलंस?"

"मुली झालेल्यांना. म्हणजे विचारलं नाही, त्याच सांगत होत्या."

"मुलगे झालेल्यांनी पथ्य पाळलं होतं?"

ते मला सुचलंच नव्हतं.

"एकाच टोपलीतले आंबे चाखून दुसऱ्या टोपलीतले गोड म्हणता येतं का?" सर म्हणाले. "परत जा."

*

संक्रांतीला परत गेले. हळदीकुंकवाचे दिवस, बायका मोकळ्या होत्या. या वेळी चहाच्या घरांत गेले.

"पथ्य?" एक जण म्हणाली. तिचा मुलगा चुलीपाशी राख चिवडत होता. "अगं बाई, ह्याच्या वेळेला मला कैरीचे असे डोहाळे लागले होते, रात्रीच्याला उठून खायची. ह्यांना म्हणलं, आप्पाला कळलं तर मारतील." आणि पदर तोंडाला लावून हसत सुटली. तिची जाऊ म्हणाली, "मी तर बोरं खाल्ली. बी थुकली म्हणलं, बी थुकली की चालतंय." पुन्हा हशा. तिसऱ्या घरात म्हातारी सासू म्हणाली, "दावं न्हाई ओलांडायचं तर गाया कुणी सोडायच्या, आप्पानं?"

कोणीच पथ्य पाळलं नव्हतं. ज्यांनी हसत सांगितलं त्यांनी मोडलं होतं, ज्यांनी दारात उभं राहून खाली बघत सांगितलं त्यांनीही मोडलं होतं.

त्या संध्याकाळी मी चंद्रकलेकडे गेले. ती शाळेत माझ्या पुढे होती. पावसाळ्यात मला खांद्यावर घेऊन तिनं ओढा ओलांडून दिलेला. नववीत तिचं लग्न झालं, ओढ्यापलीकडच्या गावात, सोजरबाईच्या नरहरीशी. दोन मुली झाल्या. तिसऱ्या वेळी सोजरबाईनं स्वतः तिला आप्पांकडे आणून थेंब टाकून घेतले होते. दिवाळीला माहेरी पाठवली, आणि पाठवताना म्हणाली होती, मुलगा झाला तर बारशाला गाडी घेऊन येते. नाहीतर तिकडंच राहा. नरहरीला दुसरी बघायला किती वेळ लागतोय.

चंद्रकला अंगणात शेंगा फोडत होती. पोट पुढं आलेलं, पाय सुजलेले. धाकटी तिच्या पाठीवर लोंबकळत होती.

"बरं झालं आलीस," ती हळूच म्हणाली. "एक विचारायचं होतं. परवा लिंबाचं लोणचं खाल्लं मी. फोड नाही, नुसता खार. काही होईल का?"

"काही होत नाही."

"आप्पांना विचारून सांग."

"आप्पांना कशाला? मी मोजलंय चंद्रे. लोणचं खाल्लेल्यांना पण मुलगे झालेत, न खाल्लेल्यांना पण मुली झाल्यात. औषधाचं आणि त्याचं काही नाही. निम्मी शक्यता असते."

"निम्मी म्हणजे?"

"म्हणजे होईल किंवा नाही होणार."

तिनं एक शेंग फोडली. "ते मला पण माहिताय गं," ती म्हणाली. "तुझ्या कॉलेजात एवढंच शिकवतात?"

*

घरी आले. आप्पा मठातून येऊन ओसरीवर बसले होते. मी त्यांना सगळं सांगितलं. आवाज चढवला नाही. बावीस आणि एकवीस. न घेतलेल्यांचे निम्मे. कैरी, बोरं, दावं, दोन्हीकडे सारखं.

त्यांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. आई आत भाकरी थापत होती. तिचा थापण्याचा आवाज थांबला होता.

"बायका थट्टा करतात," आप्पा शेवटी म्हणाले.

"एकवीस जणी रडल्या, आप्पा. त्या पण थट्टा करत होत्या का?"

"पथ्य मोडल्यावर रडू येणारच."

"मग मोडून मुलगे झाले त्यांचं काय?"

"गुरूची कृपा."

"म्हणजे मुलगा झाला तर गुरूची कृपा आणि मुलगी झाली तर बाईची चूक?"

आप्पांनी उपरणं झटकलं, खांद्यावर टाकलं, पुन्हा काढून घडी घातली. ते रागावले असते तर बरं झालं असतं. "मी कोणाकडून काही घेतलंय का?" त्यांनी विचारलं. मी नाही म्हणाले. "मग झालं," ते म्हणाले आणि आत गेले.

आतून थापण्याचा आवाज पुन्हा सुरू झाला.

*

फाल्गुनात चंद्रकलेला मुलगी झाली.

मी परीक्षेच्या अभ्यासासाठी घरी आले होते. बारसं झालं नाही. गाडी आली नाही. आणि एका सकाळी सोजरबाई तिच्या भावकीतले दोघं म्हातारे घेऊन सरळ आमच्या ओसरीवर आली. चंद्रकलेच्या वडिलांना, तुळशीरामला, तिनं वाटेतूनच बोलावून घेतलं होतं. ते चपला बाहेर काढून ओसरीच्या खालीच उभे राहिले.

"वर या तुळशीराम," आप्पा म्हणाले.

"इथं बरं हाय."

सोजरबाईनं पाण्याचा तांब्या बाजूला सरकवला. "आप्पा, आमचं भांडण न्हाई तुमच्याशी. तुमच्या औषधावर आमचा इश्वास हाय. गावात कितीकांना गुण आला. फक्त एक सांगा, ह्या चौघांदेखत. हिनं पथ्य मोडलं की न्हाई?"

"मोडलं असेल" हे आप्पांचं नेहमीचं वाक्य होतं. मुलगी झाली असं कोणाकडून कानावर आलं की ते तेवढंच म्हणत आणि विषय संपे. त्यात कठोरपणा नसे. पाऊस येईल असं वाटतं, तशा सुरात ते म्हणत.

"तुमचा एक शब्द पुरं," सोजरबाई म्हणाली. "मग कोणी आम्हाला नावं ठेवायची न्हाईत. उमरग्याची पोरगी बघून ठेवलीय. तुळशीरामनं पण मग कुरकुर करू नये."

तुळशीराम म्हणाले, "तीन लेकरं हायत तिला." एवढंच. जमिनीकडे बघून.

आप्पांचा हात गळ्यातल्या लिंगाच्या डबीवर होता. मला वाटलं, आता ते म्हणणार.

म्हणून मी बोलले. मला वाटलं होतं, माझ्याकडे जे आहे त्यापुढे कोणाला काही बोलता येणार नाही. त्रेचाळीस बायका, मी म्हणाले, आप्पांच्याच औषधाच्या. निम्म्यांना मुलगे, निम्म्यांना मुली. यात चंद्रकलेची चूक कुठं आली?

सोजरबाईनं नीट ऐकून घेतलं. "निम्म्यांना झाले?"

"होय."

"मग चांगलं औषध हाय की. हिला निम्म्यात यायला काय झालं होतं?"

भावकीतला एक म्हातारा हसला. दुसऱ्यानं तंबाखू चोळता चोळता मान हलवली.

"अहो, औषध न घेता पण निम्म्यांना होतात," मी म्हणाले.

"न घेणारीचं कशाला मोजतीस? तिनं घेतलंच न्हाई, तिचा काय संबंध?"

"आणि मुलगे झालेल्यांनी पण पथ्य मोडलं होतं. मी विचारलंय."

"मग त्यांचं नशीब थोर," सोजरबाई म्हणाली. "हिचं न्हाई. आम्हाला थोर नशिबाची पाहिजे. पोरी, तू शिकलेली हायस, बस तिकडं. आप्पा, तुम्ही बोला."

सरांनी खिडकीशी नेऊन पाहिलेला तक्ता मला तोंडपाठ होता, आणि त्यातला एकही आकडा त्या ओसरीवर उभा राहत नव्हता.

आप्पांनी तोंड उघडलं.

"मला दिलं होतं," आई म्हणाली.

ती उंबऱ्यात उभी होती. बाहेरच्या पुरुषांपुढे आई कधी उंबऱ्याच्या अलीकडे येत नसे. आताही तिचा एकच पाय बाहेर होता.

"काय दिलं होतं?" सोजरबाईनं विचारलं.

"औषध. ह्यांनीच. लग्नानंतर चौथ्या वर्षी, पुष्यावर, पहाटे. उजव्या नाकपुडीत. मग ही झाली."

तिनं माझ्याकडे हात केला नाही. गरज नव्हती. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं; तुळशीरामांनीसुद्धा, पहिल्यांदा मान वर करून. मी कुठं बघू ते मला कळेना. एकोणीस वर्षं मी त्या घरात पेढे खात होते. मी स्वतः तक्त्यातल्या एकवीस मुलींनंतरची बाविसावी होते.

"घरच्याला लागू पडत न्हाई म्हणतात की तुमचे मालक," सोजरबाई म्हणाली.

"ते नंतर म्हणायला लागले."

तंबाखू चोळणारा हात थांबला.

"मग तुम्ही पथ्य मोडलं असंल, अक्का."

"पेरू खाल्ला असं सांगितलं मी." आईचा आवाज सपाट होता, भाजीचा भाव सांगावा तसा. "खाल्ला नव्हता. काहीच खाल्लं नव्हतं. दावं पण ओलांडलं नव्हतं. केस पण विंचरले नव्हते. जंगमाची बायको मी, मी नाही पाळायचं तर कोणी?"

सोजरबाई आप्पांकडे वळली. "आप्पा?"

आप्पा आईकडे बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. वर्गात माझ्यावर सगळे हसले तेव्हा माझा चेहरा कसा झाला असेल हे मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं, आणि मी नजर काढून घेतली.

"औषध मी तिला दिलं होतं," ते म्हणाले. "ते खरं."

"आणि पथ्याचं?"

"ती म्हणते ते खरं."

"म्हणजे आमच्या चंद्रीनं मोडलं की न्हाई?"

"तसं मी म्हणणार नाही."

"कसं?"

"चंद्रकलेची चूक आहे असं मी म्हणणार नाही, सोजरबाई. कोणाचीच. आजपासून."

सोजरबाई उठली. तिनं पदर खोचला, पुन्हा सोडला. "मग आमच्या नाकात दूध कशाला घातलं होतं?" ती म्हणाली. म्हातारे तिच्या मागे निघाले. तुळशीराम पुढं होऊन आप्पांच्या पायाला हात लावायला वाकले, तर आप्पांनी पाय मागं घेतले.

*

चैत्र संपताना चंद्रकलेला न्यायला गाडी आली. नारळ नाही, खणाची ओटी नाही. नरहरी एकटाच आला, मुलींना आधी वर चढवलं, मग तिला हात दिला. उमरग्याची मुलगी दुसरीकडे दिली गेली. सोजरबाईनं सगळ्या पंचक्रोशीत सांगितलं की स्वाम्याचं औषध त्याच्या बायकोलाच लागलं नव्हतं. पुष्याला मठापाशी थांबणाऱ्या बायका कमी होत गेल्या. ज्या येत त्यांना आप्पा नाही म्हणत. त्यांना वाटे, ते आढेवेढे घेतायत. मग त्या दुसऱ्या गावातल्या दुसऱ्या कोणाकडे जात.

आणि काही बायका दुपारच्या वेळी मागच्या दारानं आईकडे येऊ लागल्या. त्यांतल्या बऱ्याच जणी माझ्या तक्त्यात होत्या. एक जण जोत्यावर बसली आणि म्हणाली, "अक्का, मी पण नव्हती चाखली चिंच." आईनं तिला ताक दिलं.

शेऱ्याचा रकाना मी प्रकल्पातून काढून टाकला. त्यातलं किती खरं होतं हे आता मला सांगता येत नव्हतं. सरांना त्याचं वाईट वाटलं. तोच भाग मनोरंजक होता, ते म्हणाले. मला पहिला वर्ग मिळाला. पुढं तीस वर्षं मी तोच विषय शिकवला, आणि मुलगा-मुलगीचं उदाहरण मी कधी घेतलं नाही. नाणं घेते.

हे सगळं नंतरचं. त्या दिवशी, सगळे गेल्यावर, आप्पा ओसरीवरच बसून राहिले. पूजेची वेळ टळली. ऊन भिंतीवरून खाली आलं. आई तांदूळ निवडायला सूप घेऊन उंबऱ्याच्या आत बसली, तिथून त्यांना ती दिसत नव्हती, फक्त सुपाचा आवाज येत होता. मी आतल्या खोलीत पुस्तक उघडून बसले होते. मला दोघंही दिसत होते.

"पेरू का म्हणालीस?" आप्पांनी विचारलं.

सूप थांबलं नाही.

"तुम्ही जेवत नव्हता."

"केव्हा?"

"ही झाली तेव्हा. दाराशी येऊन उभे राहायचा. काय खाल्लंस, आठव, म्हणायचा. मी आठवायची. काही आठवायचं नाही. मग तुम्ही तसेच ताटावरून उठायचा. सासूबाई मला म्हणायच्या, माझ्या लेकाला उपाशी मारतीस." तिनं एक खडा काढून बाजूला टाकला. "म्हटलं, काहीतरी खाल्लं म्हणावं. आमच्या परसात पेरूच होता."

आप्पांनी विचारलं, "मग?"

"मग काय. त्या दिवशी जेवला तुम्ही. दोन भाकरी खाल्ल्या. हात धुतला, आणि म्हणाला, हिचं नाव काय ठेवायचं."